घरातला हिशेब घरातच राहावा : कृषी विज्ञान केंद्र, बारामती यांना खुले पत्र

प्रति,
मा. प्रमुख आणि सर्व शास्त्रज्ञ,
कृषी विज्ञान केंद्र, ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट,
माळेगाव खुर्द, ता. बारामती.



उसाला पाणी कधी द्यायचे, खत किती टाकायचे, हे जमिनीतले सेन्सर आणि उपग्रहाची चित्रे पाहून शेतकऱ्याच्या मोबाइलवर सांगायची सोय आपण बारामतीत उभी केली. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साथीने चाललेल्या या प्रयोगाचा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी जानेवारी २०२५ मध्ये कौतुकाने उल्लेख केला, तेव्हा आमच्या इंदापूर तालुक्यालाही अभिमान वाटला. १९९२ पासून आपले केंद्र या भागात आहे. शेतात काही नवे करायचे म्हटले की इथली माणसे आधी विचारतात, "केव्हीके काय म्हणतंय?" त्या विश्वासावरच हे पत्र लिहिते आहे.

मी नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडच्या एका गावात राहते. आवर्तन आमच्यापर्यंत पोचेपर्यंत वरच्यांचे भिजवून झालेले असते, असा आमचा भाग. घरी ऊस, थोडे डाळिंब, गोठ्यात गाई. घरचा हिशेब मी ठेवते, बचत गटाचाही माझ्याकडेच असतो. माझी विनंती अशी आहे : घरखर्चाचा हिशेब ठेवायला मोबाइलवर किंवा संगणकावर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हे बारामती-इंदापूरच्या शेतकरी घरांना कुणीतरी जाणत्या आणि निःस्वार्थी संस्थेने तपासून सांगायला हवे. ते काम आपण हाती घ्यावे.

हे शेतीच्या केंद्राचे काम कसे, असे कुणी विचारील. मी उलट विचारते, आमच्या पैशाचा हिशेब सध्या कुणाकुणाच्या संगणकात आहे? साखर कारखान्याच्या आहे. बँकेच्या आहे. दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ मोजणारे यंत्र चिठ्ठी छापून देते, म्हणजे तिथेही आहे. विकास सोसायट्यांचे संगणकीकरण करायला केंद्र सरकारने २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० सोसायट्यांसाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, त्यामुळे सोसायटीचे कर्जखातेही संगणकावर चालले आहे. खत-औषधाचा दुकानदार आमची उधारी खाताबुक ॲपमध्ये टाकतो आणि 'एवढी बाकी आहे' असा मेसेज आमच्या फोनवर येतो. व्यवहारात समोर बसलेल्या प्रत्येकाकडे चोख हिशेब आहे. आमच्या बाजूला भिंतीवरचे कालनिर्णय. त्याच्या चौकटीत सकाळचे दूध, संध्याकाळचे दूध, गॅसची टाकी कधी लावली, मजुरांचे खाडे. पान उलटले की महिना गेला. डिसेंबर संपला की वर्षच रद्दीत.

वहीला मी कमी लेखत नाही. ज्या घरात रोजची वही नेमाने लिहिली जाते, त्या घराला कोणतेही ॲप नको, हे मी कुणालाही सांगेन. पण आमच्या घरांतले पैसे आता एका हातात राहिलेले नाहीत. मुलगा पुण्यात शिकतो, तिथून फोनपेवर मागतो. मालक डिझेल भरतात ते क्यूआर कोडवर. सासऱ्यांच्या नावावरचा ऊस त्यांच्या खात्यात, माझ्या नावावरचा माझ्या खात्यात. तिघे तीन ठिकाणी खर्च करणार आणि वही एका फडताळात, मग संध्याकाळी आठवून आठवून काय लिहायचे? शिवाय दोन शेतांत दोन पिके वेगवेगळ्या वयाची उभी असतात, एकात आडसाली, दुसऱ्यात खोडवा. कुठल्या शेताने किती खाल्ले आणि किती दिले, याची बेरीज वहीत वर्षाखेरीस करायला बसले की डोळ्यांपुढे अंधारी येते. एवढ्यासाठी संगणक हवा.

मग ॲप घ्यायचे कोणते? इथे पहिली अडचण येते, आणि तिच्याबद्दल मला जास्त लिहायचे आहे, कारण ॲपची माहिती देणारे कुणी ती सांगत नाही.

यातली बहुतेक सॉफ्टवेअरे पगारदाराच्या घरासाठी बनलेली आहेत. एक तारखेला पगार, मग भाडे, किराणा, हप्ते, आणि तीस तारखेला शिल्लक. ॲप उघडले की ते आधी महिन्याचे उत्पन्न विचारते. आमच्याकडे महिन्याचे उत्पन्न म्हणून काय लिहायचे? दुधाचे बिल दर दहा दिवसांनी. डाळिंब निघाले तर बहारापोटी एकदा. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये करायची आणि ऊस तुटायला सोळा ते अठरा महिने लागायचे. बेणे, मशागत, खते, बांधणी, पाणी हा सगळा खर्च आधीच्या वर्षात, पैसा त्याच्या पुढच्या वर्षात. कायद्याप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचे, पैसे मिळायला हवेत. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. पण पहिली उचल, मग पुढचा हप्ता, मग दिवाळीचे, या तुकड्यांची आपल्याकडच्या घरांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. मुलांच्या फिया, बैलपोळा, दिवाळीची खरेदी, लग्नाच्या तारखा या सगळ्या त्या हप्त्यांवर बेतलेल्या असतात.

असे घर महिन्याच्या बजेटात घातले की काय होते? ज्या महिन्यात उचल जमा झाली त्या महिन्यात ॲप हिरवेगार, भरपूर शिल्लक. पुढचे चार महिने लाल. रोज लाल आकडा पाहून बाई कंटाळते आणि ॲप काढून टाकते. आमच्या गटातल्या कितीजणींनी असे केले. त्या हिशेबाला आळशी आहेत असे नाही, त्यांच्या हातात दिलेले मापच चुकीचे होते.

म्हणून ॲप निवडताना आमच्यासारख्या घराने पहिला प्रश्न हा विचारायला हवा : आलेला पैसा पुढच्या महिन्यांना वाटून ठेवता येतो का? आमच्या आया-सासवा हे डब्यांत करायच्या. एका डब्यात फी, एका डब्यात दिवाळी, एका डब्यात दुखणे-बाणे. काही सॉफ्टवेअरे याच पद्धतीवर चालतात. त्यांत उत्पन्नाचा अंदाज लिहायचा नसतो, हातात आले तेवढेच वाटायचे आणि त्या त्या नावाखाली किती उरले ते पाहायचे. ही पद्धत उसाच्या घराला चपखल बसते. दहा दिवसांच्या दुधाच्या बिलातून किराणा आणि पेंड, उचलीतून खोडव्याचे खत आणि जूनची फी, दिवाळीच्या हप्त्यातून कापड आणि पुढच्या लागणीचे बेणे. वर्ष कुठल्या महिन्यात सुरू होते, हे त्यात महत्त्वाचे राहत नाही.

दुसरी अडचण बिलाची. ती आकड्यांनीच सांगते. समजा, सत्तर टन ऊस गेला आणि टनाला ३,००० रुपयांनी पहिली उचल निघाली. झाले २,१०,०००. त्यातून सोसायटीच्या पीककर्जाचे ९०,००० वळते झाले. हंगामात उधार उचललेल्या खताचे १२,५०० कापले. खात्यात जमा १,०७,५००. बँकेचा मेसेज येतो तो एवढ्याच एका आकड्याचा. आता मेसेज वाचून आपोआप हिशेब मांडणारे ॲप काय समजणार? उत्पन्न १,०७,५००. म्हणजे आमची कमाई त्याने जवळजवळ निम्म्याने कमी धरली. नव्वद हजारांचे कर्ज फिटले ते त्याच्या गावीही नाही, आणि खताचे पैसे कुठे गेले याचा पत्ता नाही. वर्षाखेरीस ते ॲप सांगणार की तुमचे उत्पन्न एवढेसे आहे. मग ऊस परवडतो की नाही, हे आम्ही कशावरून ठरवायचे?

खरी नोंद अशी हवी : उत्पन्न २,१०,०००, आणि त्याच नोंदीचे तीन तुकडे. ९०,००० कर्जखात्यात गेले, १२,५०० उधारीच्या खात्यात, उरलेले बँकेत. खताचे पैसे या दिवशी खर्च म्हणून धरायचे नाहीत, कारण खत उचलले त्या दिवशीच तो खर्च झाला होता, आज फक्त उधारी फिटली. ही गोष्ट सोसायटीच्या सचिवाला अंगवळणी पडलेली असते, घरातल्या बाईलाही एकदा दाखवली की लगेच कळते. फक्त सॉफ्टवेअरमध्ये एका नोंदीचे तुकडे पाडायची सोय हवी. मोबाइलवरचे माय एक्स्पेन्सेस आणि संगणकावरचे ग्नूकॅश या दोन्हींत ती आहे. दोन्ही मुक्त स्रोताची आहेत, म्हणजे त्यांचा कोड कुणीही तपासू शकतो. ग्नूकॅश १९९८ पासून चालू आहे, त्यात दुहेरी नोंदीची पद्धत आहे आणि त्याचे मराठी भाषांतरही झालेले आहे. बारावी वाणिज्य झालेली मुलगी घरात असेल तर तिला ते दोन दिवसांत समजेल. बाकीच्यांना मात्र ते जड जाते, हेही खरे.

रोख पैशाचे काय? खुरपणीच्या बायकांची मजुरी, बाजारातली भाजी, देवाला, आहेराला, दवाखान्याला जाते ती रोख. मेसेज वाचणाऱ्या ॲपला यातले काही दिसत नाही. पाचशेच्या चार नोटा एटीएममधून काढल्या की त्याच्या लेखी 'दोन हजार काढले', विषय संपला. नोंद हाताने करणे किंवा बोलून करणे, याला शेतकरी घरात पर्याय नाही. गुगलच्या कळफलकावर मराठीत बोलून लिहिता येते. "खुरपणी सहा बाया, बाराशे" एवढे म्हटले की ओळ उमटते. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे, त्यांना ही एक गोष्ट शिकवली तरी पुष्कळ.

आता मेसेज वाचणाऱ्या ॲपबद्दलचीच मोठी गोष्ट. वॉलनट नावाचे एक भारतीय ॲप होते. बँकांचे मेसेज वाचून ते खर्चाचा तक्ता आपोआप मांडायचे आणि शहरांत खूप चालले. २०१८ मध्ये ते कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीने विकत घेतले, पुढे त्या कंपनीचे नाव ॲक्सिओ झाले. यात बेकायदा काहीच नाही. पण ज्या माणसाने खर्च आवरावा म्हणून आपले मेसेज ॲपच्या हाती दिले, त्याच्या खर्चाचा नकाशा कर्ज विकणाऱ्याच्या घरी जाऊन पोचला. पैसे कधी संपतात, कोणत्या आठवड्यात हात आखडतो, कुणाचा हप्ता थकतो, हे सावकाराला कळणे म्हणजे काय, हे आमच्या तालुक्यांना वेगळे सांगायला नको. २०१८ च्या अखेरीस गुगलने फोनमधले मेसेज वाचायच्या परवानगीवर निर्बंध आणले, पण पैशाचा हिशेब मांडणाऱ्या ॲपना त्यातून सवलत मागता येते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये कर्ज देणाऱ्या ॲपना फोनमधली नावे-नंबर, फाइली, कॉलची यादी यांना हात लावायला मनाई केली. नियम आहेत, चांगले आहेत. पण 'परवानगी द्या' असे विचारल्यावर बोट जिथे आपोआप जाते तिथे रिझर्व्ह बँकेचा माणूस उभा नसतो.

आपल्याच भागातली एक घटना इथे सांगायलाच हवी. बारामती तालुक्यातल्या सुप्याला, जे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, १२ मे १८७५ रोजी आठवडा बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरले. इतिहासात ते दख्खनचे दंगे म्हणून नोंदले आहे. लोकांनी माणसांवर फारसे हात टाकले नाहीत. त्यांना हवे होते कागद : रोखे, गहाणखते, खतावण्या. जिथे ते सापडले तिथे त्यांची होळी झाली. रागाचे मूळ कर्जात होते, घसरलेल्या कापसाच्या भावात होते, वाढवलेल्या शेतसाऱ्यात होते. पण आगीत गेला तो हिशेब, कारण तो एकाच बाजूने लिहिलेला होता, एकाच बाजूच्या घरात होता आणि कर्जदाराला तो वाचताही येत नव्हता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. दिलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाच्या हिशेबाचा उतारा आणि व्यवहार वेळोवेळी लिहून देणारे खातेपुस्तक मागायचा हक्क शेतकऱ्याला त्या कायद्याने मिळाला. म्हणजे कर्जदाराकडेही हिशेबाची आपली प्रत असावी, हे कायद्यात लिहिले गेले ते सुप्यापासून पेटलेल्या त्या उन्हाळ्यामुळे. दीडशे वर्षे होऊन गेली. आपल्या हिशेबाची प्रत आपल्याच हातात असावी, याहून वेगळे मी काही मागत नाही. एवढेच की आता वही मोबाइलमध्ये आहे आणि ती नेमकी कुठे साठते हे तिच्याकडे पाहून कळत नाही.

ते कळायला काही परीक्षा आहेत आणि त्या कुणालाही घेता येतात. इंटरनेट बंद करून ॲप उघडायचे. नोंद होत असेल तर वही निदान आपल्या फोनमध्ये आहे. मग पाच-दहा नोंदी करून त्या एक्सेलच्या फाइलमध्ये बाहेर काढून पाहायच्या, त्याच दिवशी. वर्षभराने पाहू म्हटले की उशीर झालेला असतो. बाहेर निघत नसतील, किंवा त्यासाठी पैसे मागत असेल, तर ते ॲप तिथेच काढून टाकावे. रक्कम १,२०,००० अशी लाखात दिसते की १२०,००० अशी, तेही पाहावे. चष्मा लावून शून्ये मोजणाऱ्या सासऱ्यांसाठी हा फरक मोठा आहे. देवनागरी आकड्यांत रक्कम लिहिली तर बेरीज होते का? लागणीपासून तोडणीपर्यंत, म्हणजे जुलैपासून पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंतची एकत्र बेरीज मिळते का? आणि व्हॉट्सॲपवर कुणी ॲपची फाइल पाठवली तर ती कितीही ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडायची नाही. सरकारी योजनांच्या नावाने अशा फाइली पाठवून खाती रिकामी करणारे आहेत.

फाइल बाहेर काढण्यावर मी एवढा भर का देते? अमेरिकेत मिंट नावाची घरहिशेबाची सेवा होती. इंट्युट या मोठ्या कंपनीने ती २००९ मध्ये घेतली, लाखो कुटुंबे तिच्यावर वर्षानुवर्षे हिशेब ठेवत होती, आणि मार्च २०२४ मध्ये ती बंद झाली. ज्यांनी आपला हिशेब फाइलमध्ये उतरवून घेतला त्यांच्याकडे तो राहिला. एवढ्या मोठ्या कंपनीचे हे, तर आज फुकट मिळणाऱ्या लहान ॲपचा काय भरवसा धरायचा? आमचे एक ऊसपीक दीड वर्षाचे, डाळिंबाची बाग तर त्याहून किती जास्त वर्षांची. बागेआधी ॲपच मेले तर पहिल्या वर्षाचा लागवडखर्च कुठे शोधायचा?

हे सगळे तपासून माझे मत बनले आहे ते असे. आपल्या भागातल्या बहुतेक घरांना कोणत्याही ॲपपेक्षा एक चांगली आखलेली शीट जास्त उपयोगी पडेल. गुगल शीट असो किंवा लिब्रेऑफिसमधली, एकदा नीट आखली की ती घरातल्या तिघा-चौघांना मिळून लिहिता येते. पुण्यातला मुलगा तिथून भरतो, मी इथून. रकाने मराठीत. शेताचे नाव, पिकाचे नाव, रोख की खाते की उधार, कुणी खर्च केला. गुगलची शीटही गुगलच्या संगणकात राहते, हे मी विसरलेले नाही. पण ती कधीही पूर्ण उतरवून घेता येते, आणि ज्याला तेही नको त्याने लिब्रेऑफिसची फाइल आपल्याच संगणकात ठेवावी. फोनवरच सगळे करायचे असेल तर माय एक्स्पेन्सेससारखे साधे, इंटरनेटशिवाय चालणारे ॲप. संगणकाची सवय आणि हिशेबाची गोडी असेल तर ग्नूकॅश. मेसेज वाचणारे ॲप आमच्यासारख्या घरांनी वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर दिलेल्या ऊसबिलाच्या चुकीसाठीही, आणि आपली माहिती कर्ज विकणाऱ्यांकडे पोचण्याच्या धोक्यासाठीही.

शीटमध्ये घर आणि शेत वेगळे करायची एक खूण मात्र हवीच. ट्रॅक्टरचे डिझेल आणि मोटारसायकलचे पेट्रोल एकाच पंपावर, एकाच क्यूआर कोडवर जाते. महिनाअखेरीस दोन्ही 'डिझेल-पेट्रोल' म्हणून एकत्र पडले की शेत तोट्यात आहे की घर उधळे आहे, हा वाद सुरू होतो. आणि या वादात बायकांचे काम कुठेच धरले जात नाही. कृषिमूल्य आयोग जेव्हा पिकाचा उत्पादनखर्च काढतो तेव्हा ए-टू अधिक एफएल असा आकडा मांडतो. यातला एफएल म्हणजे घरातल्या माणसांनी न घेतलेली मजुरी. दिल्लीतला आयोग जी मजुरी धरतो ती आमच्या घरच्या हिशेबात शून्य असते. शीटमध्ये एक रकाना त्याचाही ठेवा : घरच्या बाईने किती दिवस खुरपले, किती दिवस धारा काढल्या. पैसे कुणी देणार नाही, पण आकडा दिसू द्या. सोयाबीन करावे की ऊसच ठेवावा, गाय वाढवावी की विकावी, हे ठरवताना तो आकडा समोर असेल तर निर्णय वेगळा होऊ शकतो.

घरातल्या घरातही काही गोष्टी झाकलेल्या राहायला हव्यात, हे इथे मोकळेपणाने लिहिते. गटात भरलेले शंभर-दोनशे रुपये हा अनेक बायकांचा एकमेव स्वतःचा पैसा असतो. सगळ्यांनी मिळून लिहायच्या शीटमध्ये तो मांडला की त्यावर सगळ्यांचा हक्क सुरू होतो. बाईने आपली वेगळी शीट ठेवावी आणि तिला ती ठेवता यावी, हे शिकवणाऱ्याने बायकांना वेगळे बसवून सांगायला हवे.

आता आपल्याकडून नेमके काय हवे ते मांडते. आधी एक नको ते : कृपा करून नवे ॲप काढू नका. प्रकल्पाचा निधी असतो तोवर ॲप चालते, पुढे फोन बदलतात, अँड्रॉइड बदलते आणि दुरुस्त करायला कुणी उरत नाही. आपल्या केंद्राने ऊसवर्षावर बेतलेली एक नमुना शीट मराठीत आखावी. त्यात आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांचे वेगळे तक्ते असावेत, ऊसबिलाचे तुकडे पाडायची तयार जागा असावी, दुधाच्या दहा दिवसांच्या बिलाची ओळ असावी. कोरडवाहू भागासाठी, म्हणजे मोरगाव-सुप्याकडच्या घरांसाठी, ज्वारी-बाजरी आणि शेळ्या-मेंढ्यांचा वेगळा नमुना करावा. तिकडचे पैशाचे वर्ष आमच्यापेक्षा निराळे असते. सोबत बाजारात मिळणारी पाच-सहा ॲप एका हंगामभर खऱ्या घरांत वापरून त्यांचा निकाल जाहीर करावा : कोणते फाइल देते, कोणते इंटरनेटशिवाय चालते, कोणते काय परवानग्या मागते. उसाच्या वाणांच्या चाचण्या आपण जशा निःपक्षपातीपणे घेता तशीच ही एक चाचणी.

हे होण्यासारखे आहे, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. नाबार्डने २०१५ मध्ये बचत गटांचे हिशेब डिजिटल करणारा ई-शक्ती उपक्रम सुरू केला तो देशातल्या दोनच जिल्ह्यांत, झारखंडातल्या रामगढमध्ये आणि आपल्या धुळ्यात. धुळ्याच्या गटांतल्या बायकांनी ते केले. त्यात गटाचा हिशेब होता, घराचा नव्हता. बारामती-इंदापूरने घराचा करून दाखवावा.

आपल्या जानेवारीतल्या कृषिक प्रदर्शनाला बायका मोठ्या संख्येने येतात. ड्रोन, रोबोट, नवी बियाणी पाहून जातात. तिथे एक टेबल या हिशेबासाठी मांडा, सोबत दोन मुली बसवा, ज्या येणाऱ्या बाईच्या फोनमध्ये शीट उतरवून देतील आणि तिचे स्वतःचे ऊसबिल किंवा दुधाची चिठ्ठी घेऊन पहिली नोंद तिच्याकडूनच करून घेतील. भाषणापेक्षा ती एक नोंद जास्त शिकवते, हा गटात शिकवतानाचा माझा अनुभव आहे.

चाचणीसाठी घरे लागतील तर आमचा गट तयार आहे. आमच्यात उसाची घरे आहेत, एक डाळिंबाची आहे, एकीचे किराणा दुकान आहे, आणि दोघी शेतमजुरी करणाऱ्या आहेत. त्यांचा हिशेब रोज येणाऱ्या पैशाचा, त्यांच्यासाठी शीट कशी असावी हे त्याच सांगू शकतील. अट एकच आहे. नोंदींतली नावे आणि रकमा केंद्राबाहेर, कोणत्याही कंपनीकडे, प्रायोजकाकडे किंवा बँकेकडे जाणार नाहीत, असे चाचणी सुरू होण्याआधी मराठीत लिहून प्रत्येकीच्या हातात द्यावे. गाळप हंगाम सुरू होण्याच्या आत कळवलेत तर पहिल्या उचलीपासूनच नोंदी सुरू करता येतील.

आपली विश्वासू,
इंदापूर तालुक्यातील एक ऊस उत्पादक व बचत गटाची हिशेबनीस